दुसऱ्या व्हायोलिनच्या बाई

“बाईंना मी फोन केलाय, येतीलच एवढ्यात,” बायको म्हणाली, आणि चिटणिसांच्या हातातली कात्री सुतळीवरच थांबली.

छापखान्यातून आलेला गठ्ठा जेवणाच्या टेबलावर पडला होता. संगीत मंडळाच्या नव्या हंगामाची पत्रकं. सहा रविवार, सहा मैफली, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा तोच छोटा हॉल. दरवर्षी ही पत्रकं चिटणिसांच्याच घरी दुमडून पाकिटांत भरली जात.

“बाईंना? कशाला बोलावलंस?”

“कशाला म्हणजे? तुम्ही सांगितलंत ना त्यांना सगळं? मग आता घड्या घालायलाही बोलावलं नाही तर काय वाटेल त्यांना? वाजवायचं बंद झालं म्हणून माणूस परकं होतं का?”

चिटणिसांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस. वाद्य म्हणाल तर साधी शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नसे. पण खुर्च्या मांडण्यापासून पियानोवरची धूळ झटकण्यापर्यंत मंडळाचं सगळं तेच बघत, आणि मंडळाची चौकडी वाजवायला बसली की दाराशी छाती फुगवून उभे राहत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. त्यातलं दुसरं व्हायोलिन म्हणजे बाई. शाळेत संगीत शिकवायच्या, म्हणून सगळ्या गावाच्याच बाई. अठ्ठावीस वर्षं त्यांची खुर्ची बदलली नव्हती.

गेल्या हंगामात त्यांची बोटं अडखळायला लागली. शेवटच्या मैफलीत तर एका संथ तुकड्यात त्या मधेच हरवल्या आणि बाकीच्या तिघांना थांबावं लागलं. समितीच्या बैठकीत चेलो वाजवणारे दंतवैद्य म्हणाले, “बदल करायलाच हवा. कोणाकोणाला पटतंय?” पहिला हात चिटणिसांचा वर गेला. का गेला, ते त्यांना अजून उमगलं नव्हतं. दंतवैद्य नेमके त्यांच्याकडे बघत होते म्हणूनही असेल. मग ओघानंच आलं, “चिटणीस, तुमचा घरोबा आहे. तुम्हीच सांगा.”

ते तीनदा गेले. पहिल्यांदा चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. दुसऱ्यांदा बाईंचा गळका नळ दुरुस्त केला आणि वर “काही लागलं तर कळवा” असं म्हणाले. तिसऱ्यांदा घंटी वाजवायला हात उचलला, तर आतून व्हायोलिन ऐकू आलं. एकच ओळ, सावकाश, पुन्हा पुन्हा. मधेच थांबून बाई मोठ्यानं मात्रा मोजत आणि परत पहिल्यापासून सुरू करत. नव्या हंगामातल्या पहिल्या मैफलीची तयारी चालली होती. चिटणीस पायांचा आवाज न करता जिना उतरले आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, “सांगितलं. हसून बरं म्हणाल्या.”

त्याला आता चार महिने झाले होते. चौकडीच्या तालमी पत्रकं गेल्यावरच सुरू होत, म्हणून बाईंना अजून कुठूनच कळलं नव्हतं. लाज वाटत होती, आणि लाज वाटत होती म्हणूनच खरं सांगवत नव्हतं. ना बाईंना, ना बायकोला.

बाई आल्या. पिशवीतून चष्मा काढत गालातल्या गालात हसल्या. “काय चिटणीस, यंदा आमंत्रण वहिनींकडून? रुसलात की काय?”

“छे हो. म्हटलं, उगाच तुमच्या बोटांना त्रास.” बोलून गेल्यावर त्यांना जीभ चावावीशी वाटली.

“कागद दुमडण्याइतकी आहेत अजून धड,” असं म्हणत बाईंनी पहिलं पत्रक पुढ्यात ओढलं.

चिटणीस सुतळी गुंडाळत राहिले. सुतळी होती जेमतेम हातभर.

मधल्या पानावर चौकडीची नावं होती. बाईंच्या जागी त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव होतं. बाईंनी ते वाचलं. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. मग पत्रकाच्या कडा जुळवल्या, अंगठ्याच्या नखानं घडी पक्की केली आणि पुढचं पत्रक घेतलं.

बायकोला गप्प बसवेना. “तुमचीच विद्यार्थिनी, म्हणजे खुर्ची घरातच राहिली म्हणायची! खरंच, किती मोठं मन हो तुमचं. हे म्हणाले, मी सांगितलं तर बाई हसून बरं म्हणाल्या.”

बाईंनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांना वाटलं, आता सगळा गठ्ठा तोंडावर येणार. तो यावाच, असंही वाटलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “नीट समजावून सांगितलं त्यांनी.”

बायको चहा टाकायला आत गेली. चिटणिसांनी सुतळी खाली ठेवली.

“बाई, मी आलो होतो. तिसऱ्यांदा तर अगदी दारापर्यंत आलो. तुम्ही वाजवत होतात.”

“मग कसं वाजत होतं?”

खोटं बोलायची त्यांना आता हिंमत उरली नव्हती. “अडखळत होतं.”

“हं.” बाईंनी घडीवरून नख फिरवलं. “तेवढंच दारात म्हणाला असतात, तर चार महिने रात्री बोटं शेकत बसले नसते मी.”

“बैठकीत पहिला हातही माझाच होता.”

बाईंनी पुढचं पत्रक ओढलं. चहा आला, तो त्यांनी प्यायला. घड्या संपल्यावर चिटणीस यादी वाचत गेले आणि बाई पाकिटांवर पत्ते घालत गेल्या. यादी संपली तेव्हा बाईंनी हात पुढे केला.

“अजून एक पाकीट द्या.”

“कुणाचं राहिलं?”

“माझं.”

“तुम्हाला कशाला? वाजवणाऱ्यांना आपण कुठे पाठव...” इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं आणि चिटणीस मधेच थांबले.

बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. खाली घर नंबर, मग गल्ली. पत्रक आत सरकवून त्यांनी पाकीट चिटणिसांपुढे धरलं. चिटणिसांनी तिकीट लावलं आणि ते नीट चिकटलं तरी बराच वेळ अंगठ्यानं दाबून धरलं. बाईंनी पाकीट त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतलं आणि आपल्या गल्लीतल्या बाकीच्या श्रोत्यांच्या पाकिटांमध्ये, घर नंबर बघून, लावून ठेवलं.