तराजूजवळचा श्वास

प्रयोगशाळेतल्या तराजूच्या खोलीत काम करणाऱ्यांना आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरण्याची सवय लागते. केसाच्या तुकड्याचे वजन सांगणाऱ्या यंत्राला उच्छ्वासही वादळासारखा वाटतो. ताईंना ही सवय नोकरीच्या आरंभी लागली आणि पुढे तिच्याकडे त्यांचे लक्षच गेले नाही.

शेजारच्या खोलीत वायूच्या टाकीचा व्हॉल्व्ह उडाला आणि मधली काच फुटली, तेव्हा ताई तराजूपाशीच होत्या. साधे खरचटलेही नाही. मात्र त्यानंतर चिमट्याने वजन उचलले की हात थरथरू लागे, आणि थरथरत्या हाताची मोजणी बाद ठरते. विभागप्रमुखांनी आडपडदा न ठेवता सांगितले, की तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी प्रमाण वजनांची, म्हणजे इतर वजने ज्यांच्याशी ताडून पाहतात त्यांची, तपासणी सुरू होईल. तोवर हात ताळ्यावर आला नाही, तर खोली दुसऱ्याकडे आणि ताई भांडारात.

धाकट्या भावाने परस्पर ऑनलाइन समुपदेशनाची वेळ ठरवली.

"पडद्यातून माझा हात धरणार आहेत का त्या?" ताईंनी विचारले.

"नाही गं. पण तुझी कटकट मन लावून ऐकतील. माझी तरी सुटका होऊ दे."

पहिल्या भेटीत समुपदेशिका म्हणाल्या, "पाय जमिनीवर टेकलेत, ते जाणवतंय का?"

"जाणवायचं काय त्यात? गुरुत्वाकर्षण आहे."

"असू दे की. त्याच्याच जोरावर आपण दोघी खुर्चीत आहोत."

"पण असल्या उपायांना पुरावा काय?"

"काही गोष्टींना बऱ्यापैकी आहे, काहींना तुटपुंजा. शरीराच्या कुठल्या कप्प्यात आठवणी साठून राहतात, असलं काही मी सांगणार नाही. घाबरल्यावर श्वास आणि स्नायू बदलतात, एवढं मात्र नक्की."

पुरावा तुटपुंजा असल्याचे आपणहून मान्य करणारी व्यक्ती ताईंना बऱ्याच काळाने भेटली होती. त्यांनी दुसरी वेळ घेतली.

"लॅपटॉप जरा मागे सरकवा," या वेळी समुपदेशिका म्हणाल्या. "मगापासून तुमचं नुसतं कपाळच माझ्याशी बोलतंय. आणि आता चिमट्याने काहीतरी उचलून दाखवा."

ताईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे एक बटण उचलले. हात किंचित हलला. पडद्यावर आता खांदे दिसत होते. ते कानांपर्यंत चढले होते.

"ताई, श्वास कधी घेणार?"

"आकडा स्थिर झाला की."

"कुठला आकडा?"

टेबलावर तराजू नव्हता. ताईंनी बटण खाली ठेवले.

चहाचा कप घेऊन दारात उभा असलेला भाऊ हसला. "ही भाजी चिरतानाही अशीच असते. मला वाटायचं, माझ्यावर रागावलीय."

"तू आत जा बघू," ताई म्हणाल्या. मग पडद्याकडे वळून, "श्वास सोडला तर मोजणी बिघडते."

"तुमच्या तराजूला दार नसतं?"

दार होते. चारही बाजूंनी काच होती, आणि दार लावल्याखेरीज कोणी आकडा वाचतच नसे. श्वास रोखण्याची शिस्त ज्या सरांनी लावली, ते उघड्या तराजूवर शिकलेले होते. तराजू बदलला, शिस्त तशीच राहिली.

"थरथरण्याचं कारण हेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही," समुपदेशिका म्हणाल्या. "पण घाबरलेल्या माणसाने वर श्वासही कोंडून धरला, तर हात सुधारायची शक्यता कमीच."

"मग तपासून बघू," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या ओळखीचे होते.

आठवडाभर त्यांनी बटणे उचलली. आधी श्वास सोडायचा, मग चिमटा.

तपासणीच्या सोमवारी खोलीत नवी काच होती; तिच्यावरचे चिकट लेबलही अजून निघाले नव्हते. ताई बसल्या. छातीत धडधडू लागले. पाय फरशीवर दाबून पाहिले; गुरुत्वाकर्षण जागच्या जागी होते. तराजूकडे पाठ करून त्यांनी लांब श्वास सोडला, वळल्या, वजन उचलले. हात हलला. त्यांनी वजन परत ठेवले आणि कसलीही घाई न करता पुन्हा श्वास सोडला.

दुसऱ्यांदा वजन पारड्यात अलगद बसले. त्यांनी काचेचे दार लावले आणि मोकळेपणाने श्वास घेतला. आकडा रेंगाळला, थांबला. मोजणी पुन्हा केली, तिसऱ्यांदाही केली. तिन्ही आकडे मर्यादेत जुळले. एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, याची ताईंना कल्पना होती. दिवसाचे काम सुरू करण्यास मात्र ते पुरेसे होते.

खोलीचे दार ढकलून विभागप्रमुख डोकावले. "मग, काय ठरवायचं खोलीचं?"

"आधी दार लावा, साहेब," ताई पुढचे वजन उचलत म्हणाल्या. "वारा येतोय."