जावयाचा पंख

माझे भागवतमामा पूर्वी वाटूरला धान्यासाठी पत्र्याच्या कोठ्या बनवायचे. हात इतका बसलेला की मीच साहेबांशी भांडून त्यांना आमच्याकडे लावलं. जालन्याबाहेरच्या शेडमध्ये आम्ही दोन आसनांची छोटी विमानं जोडतो. मामा हवेच्या बंदुकीने पंखाचे पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकतात, मी तपासते.

नियम सोपा आहे. आतल्या बाजूला रिव्हेटचं शेपूट चपटं होतं, ते दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं राहिलं पाहिजे. कमी ठोकलं तर ढिलं राहतं, जास्त ठोकलं तर कडा फुटते. बाहेरून दोन्ही सारखीच गुळगुळीत दिसतात.

मैत्रिणीच्या लग्नाची रजा संपवून आज आले, तर कळलं की माझ्या मागे तपासणी बाहेरूनच उरकली आणि माझा नवरा कल्याण वैमानिकाशेजारी बसून चाचणीला वर गेलाय. टेबलावर पुढच्या विमानाचा पंख होता, त्यात मी दांडीवरचा छोटा आरसा घालून आतून पाहिलं. सगळी शेपटं भाकरीसारखी थापलेली.

मामांना विचारलं. ते म्हणाले, धान्याचं माप भरल्यावर वर एक ओंजळ देतोच की आपण, तसा प्रत्येकाला वरचा एक दाब दिला.

मी वर बोट केलं. "आन् जे वर गेलंय त्याला?"

"त्याच्यात जावई बसणार व्हते," मामा हसून म्हणाले. "त्याला दोन-दोन दिले."

जावयाच्या ताटात जिलबी वाढावी तसे! त्यांना धरून हलवावंसं वाटलं, पण जास्त दाबाने कडा फुटतात हे पळता पळता त्यांना सांगत वायरलेसची खोली गाठली. वळण हळू घ्या, सरळ उतरा, एवढाच निरोप वर गेला. मग नुसतं बघत उभं राहायचं. वळताना एक पंख खाली कलला आणि मी डोळे मिटले. इतकी मी जन्मात घाबरले नव्हते. चाकं टेकल्याचा आवाज आला तेव्हाच उघडले.

कल्याण कुरकुरतच उतरला, मजा अर्ध्यावर मोडली म्हणून. मी पंखाखालचं झाकण काढून आरसा धरला. शेपटांच्या कडा उकलल्या होत्या, एकीपासून बारीक चीर पत्र्यात शिरली होती. मामांनीही वाकून पाहिलं.

कल्याणला अजून काही कळलं नव्हतं. "मामा, पंख एकदम मजबूत बरं का," म्हणत त्याने थाप मारायला हात उचलला.

मामांनी तो वरच धरला.

"नका, जावईबापू," ते म्हणाले. "त्याला माझा हात लागलाय."