झडपेआडची डबी

थाप मारावी तर सासूबाईंनी. बागेतल्या बाकाखाली आडवं पडून चाचपडताना कुणी हटकलं, तर "कानातलं पडलं हो" म्हणत डोळ्यांत पाणी आणायच्या. दिव्याच्या खांबाला मिठी मारलेली दिसली, तर चक्कर आलेली असायची. कुंपणात हात घातलेला दिसला, तर मांजराचं पिल्लू अडकलेलं असायचं, आणि ते नेमकं आत्ताच पळालेलं असायचं.

खेळच तसा होता. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवायची आणि जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. बाकीच्यांनी त्या आकड्यांवरून डबी हुडकायची, आतल्या चिठोऱ्यावर सही करायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. हे सगळं आजूबाजूच्यांना पत्ता लागू न देता, नाहीतर डबी चोरीला जाते. अळीमिळी गुपचिळी. जन्मभर लोकांचे कपडे शिवून, दुकान बंद केल्यावर भिंतींशी बोलायची पाळी आलेल्या या बाईला हा खेळ असा काही चढला, की लेक म्हणायची, "आई, तू म्हातारपणी चोर झालीस."

सगळ्यात मोठी थाप तर त्यांनी मशीनवर शिवून काढली होती. नारिंगी जाकीट, त्यावर चकाकत्या पट्ट्या, रस्त्यावर काम करणारे घालतात तसं. ते अंगात घालून हातात चार कागद धरले, की तुम्ही भर चौकात गटाराचं झाकण उघडून बसलात तरी कुणी विचारत नाही.

गाडी चालवायला जावई. तो घड्याळं दुरुस्त करायचा. लेकीने हा नवरा निवडला तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, आणि ते अजून पुरतं सरळ झालेलं नव्हतं. त्याच्या दुकानाची पायरी त्या एकदाही चढल्या नव्हत्या. स्वतःचं मनगटी घड्याळ बंद पडलं तर दुसऱ्या गल्लीतल्या कारागिराकडे देत. हे जावयाला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी दर रविवारी बिचारा गाडी घेऊन दारात हजर.

त्या रविवारी सकाळीच सासूबाईंनी डबीचं इंटरनेटवरचं पान उघडलं. शहरातली तेवढी एकच डबी त्यांची शोधायची राहिली होती. पानाच्या तळाशी शेवटच्या खेळाडूने लिहिलं होतं, ‘झडप ढिली झाली आहे. आत हात घालू नका.’ सासूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि पान मिटून टाकलं. सांगितलं असतं तर जावयाने गाडी वळवली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे त्यांना सांगणार कोण?

डबी होती रस्त्यावरच्या पुलाखाली, कालव्यात. कालवा दिवसा कोरडा असायचा. संध्याकाळी वरच्या बांधाचं दार उघडलं की काठोकाठ भरायचा. कठड्यावर पाटी होती: पहिला भोंगा होताच पात्राबाहेर या, दुसऱ्या भोंग्यानंतर पाणी सुटेल. ऊन कलायला लागलं होतं, पण भोंग्याला अजून अवकाश आहे असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. त्यांनी नारिंगी जाकीट चढवलं आणि भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून दोघं खाली उतरले.

पुलाखालच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, गटाराच्या नळाचं तोंड होतं. त्यावर परातीएवढी जाड लोखंडी झडप, वरच्या बाजूला बिजागरीने टांगलेली. कालव्याचं पाणी नळात शिरू नये म्हणून ती तिथे होती. जावई उकिडवा बसला. त्याने बिजागरी निरखली, खिळा बोटाने हलवून पाहिला, मग झडप दोनदा उचलून हळूच सोडली.

"काय मुहूर्त बघताय जावईबापू?"

"जरा बघू द्या, आई."

डाव्या हाताने झडप उचलून त्याने मोबाईलचा दिवा लावला आणि मोबाईल नळात आत सरकवून ठेवला. आत हातभर अंतरावर, वरच्या बाजूला लोहचुंबकाने चिकटलेली काळी डबी दिसली. खिशातून त्याने एक लांब चिमटा काढला. सासूबाईंना नवल वाटलं, कारण असली हत्यारं तो दुकानाबाहेर नेत नसे. चिमटा डबीवरून घसरत होता. एकदा, दोनदा, पुन्हा. सासूबाईंचा धीर सुटला. त्यांनी बाही वर सारली आणि पुढे वाकल्या.

"थांबा आई," जावई म्हणाला. "मी घालतो."

त्याने कोपरापर्यंत हात आत घातला, आणि बिजागरीचा एका बाजूचा खिळा निखळला.

झडप तिरकी होऊन खाली आली. आवाज फार मोठा झाला नाही. जावयाच्या तोंडून मात्र असा आवाज निघाला, की सासूबाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"काय झालं हो खाली?" वरून कुणीतरी विचारलं. कठड्यावरून एक म्हातारा गृहस्थ डोकावत होता, त्याच्यासोबत एक कुत्रंही.

"काही नाही! तपासणी चालू आहे, तुम्ही चला पुढे," सासूबाई म्हणाल्या.

विचार करून नव्हे. सवयीने, जीभ आपसूक वळली म्हणून. आणि जावईही कसला, सासूबाईंचा शब्द खाली पडू नये म्हणून त्याने पांढऱ्याफटक चेहऱ्याने वर बघून हसून दाखवलं. म्हातारा निघून गेला.

मग सासूबाईंनी झडप दोन्ही हातांनी धरून ओढली. झडप तिळभर हलली नाही. एक कोपरा नळाच्या काठात रुतला होता, आणि दुसऱ्याखाली मनगटाच्या वर जावयाचा हात होता. फटीतून रक्त भिंतीवर ओघळायला लागलं.

"बोटं हलतायत?"

"कळत नाही."

घड्याळजीचा उजवा हात. केसाएवढे स्क्रू उचलणारी बोटं. त्या बोटांवर घर चालत होतं, लेकीचं घर. सासूबाईंनी गळ्यातला रुमाल काढला आणि फटीत जखमेवर गच्च दाबला. सकाळचं ते वाक्य डोळ्यांपुढून हलेना. तेवढ्यात नळाच्या आत मोबाईल वाजायला लागला. लेकीचा फोन. आतला दिवा लुकलुकत होता, पोकळ नळात ते गाणं घुमत होतं, आणि दोघांपैकी कुणालाही तो उचलता येत नव्हता. सासूबाईंचा स्वतःचा फोन गाडीत चार्जिंगला लावलेला होता, आणि गाडी पार वळणापलीकडे.

फोन थांबला. आणि भोंगा झाला.

लांबून, बांधाच्या बाजूने, रेड्याच्या रेकण्यासारखा लांबलचक भोंगा. जावयाने डोळे मिटले.

"आई, तुम्ही वर जा."

"गप्प बसा."

"मदत आणायला तरी जा!" तो पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडला.

दुखरा गुडघा घेऊन सासूबाई त्या पायऱ्या कशा चढल्या ते त्यांचं त्यांना माहीत. वर आल्या तर म्हातारा आणि कुत्रं रस्त्याच्या टोकाला ठिपक्याएवढे दिसत होते. "अहो! ओ आजोबा!" त्यांनी दोन्ही हात हलवले. म्हाताऱ्यानेही मागे वळून हात हलवला, अगदी आनंदाने, आणि तो कोपऱ्यावरून वळला. सासूबाईंना रडू फुटलं.

एक मोटार आली. सासूबाई रस्त्यात शिरल्या. मोटार हळू झाली, नारिंगी जाकिटाला मान देऊन शहाण्यासारखी पलीकडच्या बाजूने गेली. दुसरीनेही तेच केलं. आतल्या बाईने तर काच खाली करून "काम लवकर आटपा हो, रोजचा वैताग झालाय" असं सुनावलं, आणि सासूबाईंनी तोंड उघडेपर्यंत ती पुढे गेलीसुद्धा. इतकं चोख शिवलेलं जाकीट! सासूबाईंनी ते अंगातून ओरबाडून काढलं, कठड्यापलीकडे भिरकावलं आणि पुढून येणाऱ्या पावाच्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

गाडी करकचून थांबली. "मरायचंय का मावशी?" ड्रायव्हर ओरडला.

"माझा जावई खाली अडकलाय. हात अडकलाय. पाणी सुटणार आहे."

ड्रायव्हरने पुढचं काही ऐकलं नाही. सीटमागून टायर काढायची लांब लोखंडी टॉमी घेतली आणि धावला. पायऱ्या उतरता उतरता तेवढं विचारलं, "पण तिथं हात घातला कशाला?"

सासूबाईंच्या जिभेवर नेहमीप्रमाणे थाप तयार होती. तपासणी, मांजर, कानातलं, सगळं. "डबी शोधत होतो," त्या म्हणाल्या. "खेळ आहे एक."

"खेळ?" ड्रायव्हर म्हणाला, आणि त्या एका शब्दाने सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने टॉमीचं टोक फटीत खुपसलं आणि अंगाचा भार टाकला. टॉमी सटकली. पुन्हा खुपसली. झडप बोटभर उचलली गेली की पुन्हा खाली बसायची, आणि बसली की जावई दात आवळून कण्हायचा. दुसरा भोंगा झाला. पाणी अजून दिसत नव्हतं, पण वळणापलीकडून त्याचा आवाज यायला लागला होता.

"नुसतं उचलून भागणार नाही, खाली काहीतरी अडकवायला हवं!" ड्रायव्हर किंचाळला.

सासूबाईंनी हाताला लागला तो दगड उचलला. झडप वर झाली तसा त्यांनी तो स्वतःच्या मुठीसकट फटीत कोंबला. बोटं सोलली, नख उलटलं. झडप दगडावर टेकली. जावयाने हात ओढून घेतला आणि तो मागे कोसळला.

पाणी आलं ते आधी घोट्याइतकं. सासूबाईंनी जावयाचा सुटलेला हात रुमालाने करकचून बांधेपर्यंत पोटऱ्यांना लागलं, पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत कमरेला. ड्रायव्हर वरून जावयाच्या काखेत हात घालून ओढत होता आणि सासूबाई खालून त्याच्या बुडाला खांदा लावून ढकलत होत्या. जावयाचा असा मान ठेवलेला कुणी पाहिला नसेल. कठड्याला टेकून तिघं बसले तेव्हा खाली नारिंगी जाकीट पाण्यावर फुगून पुलापलीकडे चाललं होतं.

दवाखान्यात लेक धावत आली तोवर जावयाच्या हाताला टाके पडले होते. दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज उतरेपर्यंत काही सांगता येत नाही."

"कसं झालं?" लेकीने विचारलं.

"माझाच हात घसरला," जावई म्हणाला. "आई होत्या म्हणून वाचलो. पाण्यात उभं राहून त्यांनी मला वर काढलं."

लेक आईला बिलगली. "आई, तू नसतीस तर काय झालं असतं गं!"

सासूबाईंना हे सोसवेना. आयुष्यात इतक्या थापा पचवल्या, पण ही दुसऱ्याने मारलेली, आपल्या बाजूने मारलेली एक थाप घशाखाली उतरेना. त्यांनी लेकीला हळूच दूर केलं.

"झडप ढिली आहे असं त्या पानावर लिहिलं होतं. मी सकाळी वाचलं होतं. याला सांगितलं नाही."

लेकीचा चेहरा दगडासारखा झाला. "वाचलं होतंस? आणि तरी त्याला हात घालू दिलास?"

"हो."

मग पलंगावरून जावई हलक्या आवाजात म्हणाला, "मीही वाचलं होतं."

दोघी वळल्या.

"सकाळी, गाडी काढायच्या आधी. म्हणून तर चिमटा घेतला बरोबर." तो छताकडे बघत होता. "मी नाही म्हटलं असतं तर आई एकट्या गेल्या असत्या. आणि हात त्यांनी घातला असता."

सासूबाई स्टुलावर मटकन बसल्या. बिजागरी निरखणारा, झडप पुन्हापुन्हा उचलून बघणारा जावई त्यांना आठवला. "थांबा आई" हे त्याने कोणत्या आवाजात म्हटलं होतं तेही आठवलं. आणि त्या हुंदके देऊन रडल्या, लेकीसमोर, नर्ससमोर, कसलीही लाज न बाळगता.

"दोघंही सारखेच," लेक डोळे पुसत म्हणाली. "एक लपवतो, दुसरा झाकतो. घरी चला, मग बघते तुमच्याकडे." तिने नवऱ्याच्या डोक्याखालची उशी नीट केली. आईकडे मात्र बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई परत आल्या. त्यांनी पट्टीबाहेर डोकावणारी बोटं एकेक करून हलवायला सांगितली. अंगठा हलला. पहिलं बोट हललं. मधलं नाही, त्याच्या शेजारचंही नाही. सासूबाई श्वास रोखून पुढच्या बोटाकडे बघत होत्या. करंगळी जराशी थरथरली.

"चिमटा दोन बोटांतच धरतात," जावई म्हणाला. कुणाची समजूत घालत होता कोण जाणे. मग थांबून म्हणाला, "पण इतक्यात नाही जमणार. दुकानात लोकांची घड्याळं पडून आहेत. आई, तुमचा हात सुईवर बसलेला आहे, नजर अजून चांगली आहे. मी सांगेन तसं कराल?"

सासूबाईंनी नाक पुसलं. मनगटावरचं घड्याळ कालव्याच्या पाण्याने बंद पडलं होतं, काचेच्या आत वाफ धरली होती. नख उलटलेल्या बोटाने त्यांनी त्याचा पट्टा सोडवला आणि घड्याळ त्याच्या डाव्या हातात ठेवलं.

"शिकवायचं तर आधी यावर शिकवा," त्या म्हणाल्या. "बिघडलं तर माझं बिघडेल."