कडी कुठल्या बाजूला

ओस्मेलने दाराची डावी झडप चौकटीत उभी केली, खाली लाकडाची पाचर सरकवली आणि मागे होऊन एक डोळा मिटला.

“चौकट तिरकी आहे, काका. वर टेकतंय, खाली तोंड वासतंय.”

“घर जुनं आहे,” एव्हेलियो म्हणाला. जणू चूक त्याचीच होती.

“घराचं काय घेऊन बसलात, माणसं तरी कुठं सरळ राहतात?” स्वतःच्या विनोदावर हसत सुताराने रंधा उचलला.

चौकटीच्या अलीकडची, रस्त्याकडची खोली एव्हेलियोची. पलीकडची नेरेइदाची, तिच्यामागे स्वयंपाकघर. घटस्फोट झाला तेव्हा दोघांपैकी कुणालाच जायला दुसरी जागा नव्हती. सिएनफुएगोस शहरात अशी जोडपी गल्लोगल्ली सापडतात. कागदावर वेगळी, नळ एकच. नेरेइदाने या चौकटीत एक फुलाफुलांचा पडदा लावला आणि तीच सरहद्द ठरली. रोज सकाळी पडदा हलायचा, कप धरलेला तिचा हात आत यायचा, पुस्तकांच्या फळीच्या कोपऱ्यावर कॉफी ठेवायचा. “पावाला आज मोठी रांग आहे,” असं काहीतरी ती बोलायची आणि पडदा पुन्हा पडायचा.

मग एक दिवस ती म्हणाली, “पडदा पुरे झाला. दार हवं मला.”

का, ते तिने सांगितलं नाही. एव्हेलियोचा जन्म छापखान्यात दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात गेला होता. हा एका शब्दाचा प्रश्न मात्र त्याच्या तोंडून निघाला नाही. कोण येणार असेल तिच्याकडे? मागच्या अंगणातून येईल का? विचार करकरून त्याने शेवटी दार आणलं, पण आणलं ते मांपारा, म्हणजे दोन झडपांचं अर्धं दार. एक जुनं घर पाडत होते, तिथून उचललेलं. वरून मोकळं, खालून मोकळं, मध्ये निळी काच. चेहरा दिसत नाही, पण खोकला ऐकू येतो.

नेरेइदा ओले हात घेऊन बाहेर आली.

“हे दार?”

“हवा खेळती राहील,” एव्हेलियो म्हणाला.

“दार मागितलं, तर दाराची अर्धी चड्डी घेऊन आलास.”

ओस्मेलच्या तोंडात खिळे होते, ते पडता पडता राहिले. “काकू, माझ्या आजीकडे हेच होतं. बघायचं नाही, ऐकायचं मात्र सगळं. लग्नं टिकतात यानं.”

“आमचं मोडून झालंय. उशीर केलास.”

ओस्मेलचे कान लाल झाले. तो पुन्हा रंधा मारू लागला.

आता ती हे परत पाठव म्हणेल, म्हणून एव्हेलियो वाट पाहत राहिला. नेरेइदाने निळ्या काचेवरून बोट फिरवलं, कडेची धूळ कमरेच्या फडक्याने टिपली. “पुसून तरी आणायचं,” असं म्हणून ती आत गेली.

दुपारपर्यंत दोन्ही झडपा बिजागऱ्यांवर चढल्या. ओस्मेलने काडेपेटीचा पुठ्ठा दोन्हींच्या मधल्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिला.

“पावसात लाकूड फुगतं. एवढी जागा सोडायलाच हवी.” मग खिशातून त्याने एक छोटी कडी काढली. “ही कुठल्या बाजूला?”

एव्हेलियो त्या कडीकडे बघत राहिला. दार तिने मागितलं होतं.

“तिच्या,” तो म्हणाला. ओस्मेलला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

“काकू, कडी तुमच्या बाजूला लावतोय!”

स्वयंपाकघरात पळीचा आवाज थांबला.

“माझ्या कशाला? त्याच्या बाजूला लाव.”

ओस्मेलने एव्हेलियोकडे पाहिलं. एव्हेलियो खाली वाकून भुसा गोळा करू लागला होता.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात गेलाच नाही. कोरडा पाव खाल्ला, पुस्तक उघडलं, पान उलटलं नाही. पूर्वी पडदा हलला की ती कुठे आहे ते कळायचं. आता काचेत फक्त निळा उजेड होता. कडी शेवटी त्याच्याच बाजूला बसली होती. लावली, तर तिला ऐकू जाईल. नाही लावली, तर तिला कळणार कसं? न लावण्याचा आवाज होत नाही. तो एकदा उठला, कडी बोटाने उचलली, पुन्हा लोंबती सोडली.

सकाळी कॉफीचा वास आला. त्यामागून चपलांचा आवाज. दाराखालच्या मोकळ्या जागेत त्या चपला दिसल्या आणि थांबल्या. एरवी एव्हाना हात आत आला असता.

“एव्हेलियो,” पलीकडून आवाज आला. “येऊ का?”

संसारात तिने हे कधी विचारलं नव्हतं. घटस्फोटानंतरही नाही.

“थांब हं,” तो म्हणाला. अंगात नुसती गंजी होती. त्याने खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा काढला, बाह्यांत हात घातले, खालपासून बटणं लावत गळ्यापर्यंत आला. एक काज चुकलं होतं. सगळी सोडून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दाराखाली चपला तिथेच होत्या.