सीटचं भरण

गौतम गेल्यापासून मी त्याला नावानं हाक मारते. होता तोवर 'अहो' म्हणायची, निदान चारचौघांत तरी. आता घरात ऐकायला कोणी नाही, आणि ज्यानं रागवायचं तो काही रागवायला येत नाही.

तर गौतमची लाल गाडी. मी दाभोशाच्या शाळेत शिकवत होते तेव्हा धबधब्यावर शूटिंगवाले आले होते. त्यांच्या हिरोसाठी आणलेली ही इंग्रजी गाडी. दोनच सीट, डोक्यावर छत नाही, रंग लाल भडक. चढावर बंद पडली ती पडलीच. शूटिंगवाले आपलं बिऱ्हाड उचलून गेले आणि गाडी आंब्याखाली राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. पुढे मालकानं ती भंगारात काढली आणि गौतमनं घेतली. गौतम तेव्हा जव्हारहून दाभोशाला जीप चालवायचा आणि मी त्याच्याच जीपनं शाळेत जायची. लग्न कसं जमलं ते यातच आलं.

"दोन सीटची गाडी घेतोस, तांदळाचं पोतं कुठं ठेवशील?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"पुष्पा बसेल तिथं," गौतम म्हणाला. पोत्यात आणि माझ्यात तो फार फरक करत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं.

त्यानं ती गाडी चालू केली आणि मग जन्मभर उघडत राहिला. पुढचे दिवे भंगारातल्या बसचे, पंप जीपचा, छत ताडपत्रीचं, आरसा सलूनवाल्या दोस्ताकडचा. रविवार आला की हा गाडीखाली. फक्त एक गोष्ट त्यानं कधी दुरुस्त केली नाही. डावीकडच्या दाराची आतली कडी मोडली होती, त्यामुळे ते दार आतून उघडत नसे. घरी आलो की गौतम गाडी बंद करायचा, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला यायचा, दार उघडायचा आणि म्हणायचा, "उतरा बाईसाहेब, आलं तुमचं घर." अख्खं इंजिन सोडवून परत जोडणाऱ्या माणसाला एक कडी बसवता येत नव्हती, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. पण मीही कधी हट्ट धरला नाही.

मला ती गाडी चालवायची होती, खरं सांगते. जीप मला यायची, लायसनही होतं. पण गौतम ताडमाड आणि मी ही एवढीशी. त्याची सीट पार मागे, खालचे रूळ गंजून घट्ट बसलेले. माझे पाय ब्रेकपर्यंत पोचतच नसत. "सीट पुढं घेऊन देतो," असं तो दर दिवाळीला म्हणायचा. दिवाळ्या येत गेल्या आणि मी डावीकडेच बसून राहिले, त्याची अखंड बडबड ऐकत. रस्त्यावर दिसेल त्या झाडाबद्दल, बैलाबद्दल, माणसाबद्दल त्याला काहीतरी सांगायचं असायचंच.

एका दुपारी तो मोखाड्याहून आला, गाडी शेडमध्ये लावली, "जरा पडतो" म्हणाला आणि पुन्हा उठला नाही. आता तिसरं वर्ष चाललंय.

उजव्या सीटमध्ये त्याच्या बसण्याचा खळगा होता. दाराच्या बाजूला जरा जास्त खोल, कारण तो कोपर दारावर टेकून कललेला बसायचा. संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी शेडमध्ये जायची, ताडपत्री उचलायची आणि त्या खळग्यात हात ठेवून उभी राहायची. बसले कधीच नाही. बसले असते तर तो मोडला असता. चहा संपला की ताडपत्री पुन्हा नीट ओढायची आणि घरात येऊन टीव्ही मोठ्यानं लावायची. माझा दिवस असा मावळायचा.

आणि याच गाडीवरून लोकांनी माझं डोकं खाल्लं. ठाण्याला असलेली माझी मुलगी प्रतिक्षा आणि तिचा नवरा म्हणत, तिच्यात नवं इंजिन टाकू, एसी बसवू, बोटानं फिरेल असं स्टेअरिंग बसवू, मग आई, तूसुद्धा फिरशील. दुसरीकडे नाशिकहून जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आले. पांढरे बूट, हातात भिंग. त्यांनी सलूनच्या आरशाकडे पाहून नाक मुरडलं, तरी रंगावर आणि सीटच्या कातड्यावर खूश झाले. "ताई, हे मूळचं आहे. कशाला हात लावू नका. धूळसुद्धा पुसू नका. फक्त त्या दाराची कडी मी मूळची मिळवून देतो."

"कडी राहू दे," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण ते लगेच उठले.

जावयाला गाडी बदलायची होती, नाशिकवाल्यांना ती कारखान्यातून आली तशी हवी होती. मला दोघांशीही देणंघेणं नव्हतं. माझं मूळ म्हणजे त्या दुपारी गौतम उतरला तेव्हाची गाडी. त्याच्या आधीची नको आणि नंतरचीही नको.

पण वस्तू तशी राहत नाही. यंदा बघते तर उंदरांनी वायरी कुरतडलेल्या आणि इंजिन जाम. आता काही केलं नाही तर ती पुन्हा आंब्याखालची कोंबड्यांची गाडी होणार. म्हणून मी तुकाला बोलावलं. तुका गौतमच्या हाताखाली शिकलेला, आता मोखाड्याच्या नाक्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. तिथल्या बोहाड्यात, म्हणजे देवांची नि राक्षसांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, त्राटिकेचं सोंग नाचवायचा मान त्याच्या घराकडे आहे. लाकडी मुखवटा, त्याला दर वर्षी नवा रंग, हे सगळं तुकाच करतो. गॅरेजमध्ये एका खुंटीला टायर आणि दुसऱ्या खुंटीला त्राटिका.

"फक्त चालू कर," मी त्याला बजावलं. "दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. रंग नाही, पत्रा नाही, काही नाही."

"नाय लावत. पण बाई, चालू करून चालवणार कोण?"

मला राग आला. "मी चालवीन. दुसरं कोण आहे या घरात?"

तुकानं मान डोलावली. टेम्पोला दोर बांधून तो गाडी मोखाड्याला घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको हौशी बाजाराला जव्हारला आली तेव्हा घरी डोकावली. पाणी प्याली, ओटीवर टेकली आणि म्हणाली, "बाई, तुमचा जुना लुगडा हाय का एखादा? नवा नको. अंगावरून उतरलेला पायजे." मला वाटलं, गोधडी शिवत असेल. शाळेत नेसायची ती मोरपंखी सुती साडी मी काढून दिली, धुऊन धुऊन मऊ पडलेली. हौशीनं ती डोक्याला लावली, तेव्हाही मी काही विचारलं नाही. बाईमाणसाशी चार शब्द बोलायला मिळाले याच आनंदात मी होते.

गाडी झाल्याचा निरोप आला तशी मी सकाळच्या जीपनं मोखाड्याला गेले. नाक्यावर बोहाड्याच्या मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तुकानं किल्ली फिरवली आणि इंजिन बोललं. तोच आवाज, जरा खोकून मग घुमणारा. वायरी नव्या, बाकी लाल रंगाचे पोपडेसुद्धा जागच्या जागी. मी दार उघडलं आणि सवयीनं उजव्या सीटकडे हात नेला.

खळगा नव्हता. कातडं तेच होतं, पण ताठ, भरलेलं, लहान मुलाच्या गालासारखं. आणि सीट पुढं सरकलेली.

"तुका, हे काय केलंस?"

"रुळांना तेल पाजला, बाई. सरकली."

"मी सीटबद्दल विचारतेय. आतलं कुठाय?"

"जुना भरण काढला. तुमच्या लुगड्याचा नवा घातला."

मग मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. समोरचा चहावाला ओतता ओतता थांबला. "माझ्या नवऱ्याची जागा होती ती," मी म्हणाले. "एवढीच उरली होती. तुला सांगितलं होतं ना, कशाला हात लावू नकोस म्हणून?"

तुका खाली मान घालून ऐकत होता. हौशी आतून आली नि दारात उभी राहिली.

"बाई, मी गाडीला नायच हात लावला," तो म्हणाला. "भरण म्हंजे काय गाडी नव्हं. भरण मानसाचा." मग त्यानं खुंटीवरची त्राटिका उतरवली आणि उलटी करून माझ्यापुढं धरली. आत कपाळाच्या जागी चिंध्यांची गादी शिवलेली होती. "माझ्या बापाचा सोंग. बाप गेला तवा आयनं त्याचा भरण सोडवला, माझ्या सदऱ्याचा घातला. मुखवटा तोच. पण दुसऱ्याच्या भरणावर सोंग डोक्यावर ठरत नाय, नाचताना पडतो. तुम्ही बोलल्या, आता मी चालवीन. म्हणून हौशीला धाडली."

मी त्या मुखवट्याच्या आत पाहत राहिले. चौकटीचा सदरा होता, घामानं काळा पडलेला. रागाचं काय करावं ते मला सुचेना. मी नुसती कावून बोलले होते आणि या माणसानं माझ्या घरचा मान माझ्याकडे आला असं धरून सगळं रीतीनं केलं होतं. खळगा तर गेलाच होता. तो आता कोणाला ओरडून परत येणार नव्हता.

हौशीनं आतून एक गोणपाटाचं गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. "भाऊंचा भरण. आम्ही नाय टाकला. घरच्या मानसानं पाण्यात सोडायचा असतो."

गाठोडं हलकं होतं. आत काथ्या, पिवळा पडलेला स्पंज आणि गौतमच्या खाकी पँटचा एक तुकडा. कधी फाटली असेल सीट आणि यानं स्वतःचीच पँट कोंबली असेल. ऑइलचा वास येत होता आणि त्याखाली त्याचाही. मी नाक तिथंच ठेवलं. नाक्यावर माणसं होती, असू देत.

"मी सोडतो तुम्हाला जव्हारला," तुका म्हणाला.

"नको."

गाठोडं डाव्या सीटवर ठेवलं, माझ्या जागेवर, आणि दार लावलं. मग वळसा घालून उजवीकडे बसले. पाय टाकले. दोन्ही पाय पोचले. इतक्या दिवाळ्या ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि बघायला गौतम नव्हता. मला रडू आलं ते तिथं. तुकानं फडकं घेऊन उगाच काच पुसली.

मोखाडा मागे पडला. सूर्यमाळकडचे डोंगर करपून पिवळे झाले होते, पळस तेवढा फुललेला. पहिल्या वळणावर गिअर ओरडला, दुसऱ्यावर बसला. आणि मग माझ्या लक्षात आलं की या गाडीचा आवाज मला इतका सबंध कधी ऐकूच आला नव्हता. डावीकडे बसले की ऐकू यायचा तो गौतम. आता नुसती गाडी ऐकू येत होती, सगळीच्या सगळी. एक आडवा आलेला बैल बघून मी म्हणालेसुद्धा, "बघ, कसा मास्तरासारखा उभा आहे." मीच हॉर्न दिला.

पूल आला तशी गाडी कडेला घेतली. गाठोडं छातीशी धरून कठड्यापाशी गेले. खाली नदी कसली, वाळूत उकरलेला एक डवरा. दोन बाया वाटीवाटीनं पाणी काढून हंड्यात ओतत होत्या. तिसरी आपली पाळी यायची वाट बघत बसलेली. तेवढंच पाणी होतं. त्यात मी नवऱ्याच्या सीटचा काथ्या सोडणार?

"काय टाकताय?" खालून एकीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "बघत होते."

माझी सुटका झाली म्हणायची. पावसाळ्यापर्यंत तरी कोणी मला विचारणार नव्हतं. गाठोडं परत जागेवर ठेवलं आणि निघाले. पुढच्या घाटात मी त्याच्याशी बोलतच आले. झाडाबद्दल, बैलाबद्दल, नाशिकवाल्याच्या पांढऱ्या बुटांबद्दल. बडबड करायची पाळी आता माझी होती.

घराशी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. फोन वाजला, प्रतिक्षाचा. "आई, झाली का गाडी? तुकानं काही बदललं का?"

"रंग, पत्रा, सगळं होतं तसं आहे," मी म्हणाले.

"आणि चालवली कोणी?"

"आलो आम्ही," असं म्हणून मी फोन ठेवला.

शेडमध्ये गाडी बंद केली. इंजिन थांबलं आणि मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले, नेहमी बसायची तशी. मग कळलं की मी दार उघडलं जायची वाट बघतेय.

उतरले. पुढून वळसा घालून डावीकडे आले. ते दार आतून उघडत नाही ना, बाहेरून कोणीतरी यावं लागतं. मी कडी ओढली आणि दार उघडून धरलं.

"उतरा," मी म्हणाले. "आलं तुमचं घर."