बन्सीच्या कमरेचा घुंगूर

मित्रांनो, मी एक जुना घुंगूर आहे. पितळेचा, लिंबाएवढा. अंगावर एक मोठा पोचा आहे, आवाजही थोडा बसला आहे. पण हलवाल तर अजून बोलेन. खर्ड्याच्या एका ओतारीबाबानं पोटात लोखंडाची गोळी ठेवून मला ओतलं, कानाशी धरून वाजवलं आणि म्हणाला, "हा लांबवर ऐकू जाईल."

सूर्यभान नावाच्या शेतकऱ्यानं मला हरण्या बैलाच्या गळ्यात बांधलं. आमच्याकडे पाऊस बेताचा. दसरा झाला की माणसं गाड्या जुंपून ऊस तोडायला कारखान्याकडे जात आणि उन्हाळ्यात परतत. गाडीपुढे वाजत जाण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हरण्या थकला, त्याला बाजार दाखवला गेला आणि मी खुंटीला लागलो.

तिथून मला काढलं सूर्यभानच्या बायकोनं, मनकर्णानं. तिचा बन्सी सात वर्षांचा होता. पोर गुणाचं, मायाळू, पण पायाला भिंगरी. घागर भरायला जाई आणि घागर विहिरीवर ठेवून सरड्यामागे पळे. जेवता जेवता उठे. शाळेत पाटीवर एक अक्षर काढून होईतो हा खिडकीतून बाहेर. मारलं तर रडे, पुन्हा करणार नाही म्हणे, आणि लगेच तेच करी. मनकर्णानं मला त्याच्या करदोट्याला बांधलं. तिचे हात उसाच्या फडात आणि कान माझ्याकडे. माझा आवाज येईनासा झाला की ती कोयता टाकून धावत सुटे.

एका सकाळी कारखान्याच्या वाटेवर बन्सी उसाची गाडी चालू असताना तिच्याखाली शिरला. मी कर्कश वाजलो. मनकर्णानं त्याला पायाला धरून ओढलं. चाक माझ्यावरून घासून गेलं. हा पोचा त्या दिवसाचा.

मुकादम आसाराम संतापला. "पुढल्या साली हे वारं आणायचं आसंल तर दाव्याला बांधून आणा. न्हाई तर आणूच नका!"

गावी ठेवावं तर आजी छबूबाईनं हात जोडले. "मला न्हाई बाई आवरायचं. मी म्हातारी त्येच्यामागं कुठवर पळू?"

 सूर्यभाननं मुलासाठी नवं दावं वळायला घेतलं. मनकर्णा म्हणाली, "अवं, त्ये वासरू हाय का? दसऱ्याच्या आत मी त्येचं औषध हुडकीन. पोराला दावं लावू देनार न्हाई."

आधी ती देवऋष्याकडे गेली. त्यानं मला पाहिलं आणि मान हलवली. "इकलेल्या बैलाचा घुंगूर पोराच्या आंगाला? बैलाचा जीव ह्यात आडकलाय. त्योच पोराला पळवतोय. शिवंवर पुरून टाका." आमच्याकडे विकलेल्या बैलाचा जीव मागं घरात घुटमळतो असं मानतात, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. मनकर्णालाही पटलं. मला शिवेच्या दगडाखाली पुरलं.

मित्रांनो, मातीखालून मी काय वाजणार? दुसऱ्याच दिवशी बन्सी कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. शोधून शोधून माणसं दमली. शेवटी तो सापडला गावाजवळच्या जुन्या किल्ल्याच्या तटावर, पडक्या कडेवरून पळताना. त्याला उतरवून मनकर्णा तशीच शिवेवर आली. तिनं हातांनी माती उकरली, मला पदरानं पुसलं आणि म्हणाली, "तुझा काय दोष न्हाई रं बाबा."

मग एका डॉक्टरनं गोड औषधाची बाटली दिली. बन्सी दिवसभर झोपू लागला. मी गप्प. शेजारपाजार खूश. पण घास तोंडात तसाच ठेवून तो पेंगायला लागला तेव्हा मनकर्णानं बाटली उकिरड्यावर ओतली. "मला माझं पोर जागं पाहिजे," ती म्हणाली.

शाळेचे रंगनाथ गुरुजीही बन्सीला कंटाळले होते, पण त्यांचं मन चांगलं होतं. त्यांनीच सांगितलं, "मनकर्णाबाई, नगरच्या एका दवाखान्यात पुण्याहून डॉक्टरीणबाई येतात. मुलांच्या मनाचं बघतात."

"मनाचं? म्हंजी येड्याचं?"

"वेड्याचं असतं तर मी सांगितलं असतं का? एकदा जाऊन या."

एसटीत आम्ही साऱ्या उतारूंचं डोकं उठवलं. दवाखान्यात तर विचारू नका. टेबलाखाली, कपाटामागे, खिडकीत, मी सगळीकडे वाजून आलो. मनकर्णा लाजेनं अर्धी झाली. "बाई, ह्यो घुंगूर सोडून ठेवते."

"राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"त्यानं लई हुशार व्हावं आसं न्हाई. थांबायच्या जागी थांबावं. एवढंच."

बाईंनी खूप विचारलं, खूप ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "मुलगा जागा असताना हा घुंगूर कधी गप्प असतो का?"

माझ्याबद्दल असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मनकर्णा विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. "व्हय! दोर वळताना. बाप वळतो आन् ह्यो टोक धरून पीळ देतो. तवा हूं का चूं न्हाई!"

"मग ज्या दाव्यानं बांधणार होता, ते त्यालाच वळू द्या." बाई हसल्या आणि मग सावकाश समजावून सांगू लागल्या. हे बाहेरचं नाही, हट्ट नाही, वेड तर मुळीच नाही. हा एक आजार आहे. मुलाला लक्ष द्यायचं असतं, पण ते टिकत नाही. थांबायचं असतं, पण पाय ऐकत नाहीत. सकाळी भाकरीनंतर अर्धी गोळी द्या. एका वेळी एकच काम सांगा. थोडा वेळ काम, मग पळू द्या, मग परत काम. जमलं की तिथल्या तिथं शाबासकी.

मनकर्णा भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "म्हंजी माझं कुठं चुकलं न्हाई?"

"तुमच्या कानांनी तर तो वाचलाय, बाई."

गुण काही एका रात्रीत आला नाही. कधी गोळी थुंकली, कधी घागर फुटली. पण गुरुजींनी त्याला पुढे बसवलं. एक ओळ लिहिली की शाळेला एक फेरी मारायची मुभा दिली. आधी मी दर घटकेला वाजे, मग जरा उशिरा, मग आणखी उशिरा. पोळ्याला बन्सीनं वळलेला कासरा बैलांना लागला तेव्हा सूर्यभान साऱ्या आळीला दाखवत फिरला. छबूबाई म्हणाली, "राहू दे गं त्येला माझ्यापाशी. शाळा बुडवू नको."

दसरा झाला. गाड्या निघाल्या. मनकर्णानं स्वतःच्या हातानं मला बन्सीच्या कमरेवरून सोडलं आणि नव्या बैलाच्या गळ्यात बांधलं. वेशीपर्यंत पोचवायला निघालेला बन्सी चाकाच्या अगदी जवळून धावत होता. पुढे वेस, वेशीपासून उतार. बैलांनी वेग घेतला. मनकर्णा गाडीतून बाहेर वाकली.

आणि वेशीवर बन्सी थांबला. कुणी हाक मारली नाही, कुणी धरलं नाही. आपला आपण थांबला! हात वर करून ओरडला, "आये, म्या थांबलो बघ!"

"आगं, थांबलं की गं पोरगं!" आसाराम मुकादम गाडीवर उभा राहिला. मनकर्णा हसत होती, रडत होती. मागून आलेल्या आजीचं बोट धरून बन्सी शाळेकडे वळला आणि मी, मित्रांनो, असा वाजलो की ओतारीबाबाच्या बोलाचं सोनं झालं.

आता मी परत खुंटीवर आहे. बन्सीनं पुढे आईला पाटीवर अक्षरं शिकवली, ती भिंतीवरून मीही शिकलो. म्हणून हे सांगता आलं. तुमच्या वर्गातही एखादा बन्सी असेल. त्याला हसू नका, दाव्याला बांधू नका. तो कधी गप्प होतो, कशात रमतो, तेवढं कान देऊन ऐका. पोचा आला तरी चालेल, पण त्याची साथ सोडू नका.