फासक्यांचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्रच्या उजव्या मांडीला बावीस टाके पडले होते. ते कसे पडले याची वाडीला एकच गोष्ट ठाऊक होती: पहाटे भुईमुगाच्या शेतात रानडुक्कर अंगावर आलं. ही गोष्ट त्यानेच सांगितली होती. डुक्कर खरं होतं, सुळा खरा होता. शेत तेवढं खोटं.

खरा प्रकार घडला डोंगरावर, वाडीच्या सामाईक काजूच्या बागेत. तिथे त्याने सात फासक्या लावल्या होत्या. गाडीच्या क्लचची जुनी वायर, एका टोकाला सरकगाठ, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला. डुकरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, जमिनीपासून दीड वीत उंच. एका पहाटे सातव्या फासकीत डुक्कर अडकलेलं दिसलं. मेलंय असं समजून तो जवळ गेला. ते उठलं, वायर तुटली, सुळा मांडीत घुसला. तो फरफटत आपल्या शेताच्या बांधापर्यंत खाली आला, आणि पुढचं काम कुडाळच्या डॉक्टरांनी केलं.

बाकीच्या सहा फासक्या अजून बागेतच होत्या.

हौस म्हणून त्याने त्या लावल्या नव्हत्या. तीन वर्षं भुईमूग भरायला आला की डुकरं यायची आणि वाफे नांगरल्यासारखे उलथून जायची. त्याने मचाणावर बसून डबे वाजवले, जुन्या साड्यांचं कुंपण केलं. सलूनमधून पोतंभर केस आणून बांधावर पसरले, वासाने डुकरं येत नाहीत म्हणून. आठ दिवस आली नाहीत. नवव्या दिवशी केसांवरूनच चालत आली.

आज काजूचा हंगाम सुरू व्हायचा होता. सकाळी राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, नारळ दिला की बायका टोपल्या घेऊन बागेत शिरायच्या. सगळ्यांत पुढे यशोदा, सत्तरीची, कमरेत वाकलेली, एका डोळ्याने अधू. तिच्या मागे कुत्री, वासरं. त्या पहाटेला दहा दिवस झाले होते, आणि झुडपांत नि पाल्यात त्या वायरी आता त्यालाही दिसल्या नसत्या. आणि एखादीत बिबट्या जिवंत अडकला असेल तर?

त्याला काठीशिवाय दहा पावलं चालवत नव्हतं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. आणि सांगण्यासारखा माणूस एकच, शेजारचा गुरुप्रसाद. त्यानेच त्या दिवशी टेम्पोत घालून त्याला कुडाळला नेलं होतं. पण गेल्या वर्षी गुरुप्रसादचा कुत्रा टायगर अशाच एका फासकीत मेला. तिसऱ्या दिवशी सापडला. गुरुप्रसाद पाणंदीत उभा राहून फासकी लावणाऱ्याला तासभर शिव्या देत होता, आणि ऐकणाऱ्यांत उभा राहून हरिश्चंद्र मान हलवत होता. ती फासकी त्याचीच होती.

धोतर नेसवताना नर्मदा नवऱ्याला म्हणाली, "एक इचारू? तुमचो त्या दिवसाचो लेंगो धुतलंय मी. भुईमुगाच्या शेतात काजीचो पालो खंयसून इलो?"

तो धोतराच्या निऱ्या सारख्या करू लागला.

"माका सांगू नकात. पण यशोदामावशी टोपली घेवन कधीची बसली हा."

राखणदाराचं स्थान म्हणजे बागेच्या तोंडाशी असलेल्या आईनाच्या झाडाखालचा एक दगड. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे वाडीच्या वतीने देवाशी बोलायचा, मान हरिश्चंद्रच्या घराण्याचा, म्हणून दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून नेलं. तीसेक माणसं जमली होती. गुरुप्रसाद नारळ घेऊन पुढेच उभा.

"मांडी दुखता तर थोडक्यात आवरा, काका," तो म्हणाला. "देवाक सगळा पाठ आसा."

लोक हसले. हरिश्चंद्रने हात जोडले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या बागेत तुझी राखण आसा, म्हणान आमी बिनघोर फिरतो."

"व्हय म्हाराजा."

इथून पुढे काजूला बरकत मागायची असते. त्याने बागेकडे पाहिलं. मग तो त्याच सुरात म्हणाला, "पण म्हाराजा, तुझ्याच एका लेकरान ह्या बागेत डुकरांसाठी फासक्यो लावल्यान."

निम्मेच लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"एक व्हाळाच्या साकवाकडे. दोन पायरी आंब्याच्या मुळात. एक वारुळाकडे. दोन कातळाच्या वाटेर, यशोदा चढता थंय."

आता कुणीच काही म्हणेना. बाजूला एक वासरू हंबरलं.

"आणि म्हाराजा, मागच्या वर्साक त्याच लेकराच्या फासकीत एका घरचो इमानी कुत्रो गेलो. ता लेकरू मान हलवीत उभा रवला, बोलाक नाय. ही चूक पोटात घाल रे म्हाराजा."

त्याने डोळे मिटले होते. गाऱ्हाण्याला जबाब मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो थांबून राहिला.

बऱ्याच वेळाने एकट्याचा आवाज आला. "व्हय म्हाराजा." गुरुप्रसादचा.

मग सगळेच म्हणाले.

गुरुप्रसादने नारळ न फोडताच दगडापाशी ठेवला. "बायकांनी हयच बसा. पक्कड कोणाकडे आसा?"

गुरुप्रसादची मुलगी अक्षया हरिश्चंद्रच्या खुर्चीशी येऊन उकिडवी बसली. ती मालवणच्या कॉलेजात शास्त्र शिकत होती, मोबाइलवर लिहून घेऊ लागली. "काकानू, पायरी आंबो खयचो? उभो की पडलेलो?"

"पडलेलो. ईज पडली तो."

"मुळापासून किती पावला?"

"पावला कोण मोजता गो?"

"आता मोजा."

त्याने डोळ्यांसमोर वाट आणली आणि मोजली.

पक्कड घेऊन वर गेलेले गुरुप्रसाद आणि आणखी पाचजण तासाभराने परतले. एका वायरीत डुकराचे राठ केस होते, बाकीच्या रिकाम्या. गुरुप्रसादने सहाच्या सहा दगडासमोर टाकल्या आणि घाम पुसत हरिश्चंद्रकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"टायगर तुमच्या पडवीत येवन भाकरी खाय," तो म्हणाला.

"माका ठावक आसा."

"ता इसराक माका वेळ लागतलो."

"लागांदे."

गुरुप्रसादने वायरी पायाने एका बाजूला सारल्या. "डुकरा मात्र येतलीच. वनखात्याची परवानगी काढून, परवान्याची बंदूक आसा तेंका घेवन, रीतसर हाकारो घालूया. सगळ्या वाडीचो एक अर्ज. पयली सही तुमची, मांडी दाखवक तुमीच आसास."

अक्षयाने तिथेच कागद मागवला आणि मोठ्याने वाचत लिहू लागली, "आमच्या वाडीतील शेतकरी श्री. हरिश्चंद्र यांच्यावर रानडुकराने हल्ला केला." ती थांबली. "जागा काय लिवू, काकानू?"

"काजूची बाग."

"थंय पहाटे कित्याक गेल्लास, असा इचारतले."

"इचारांदेत. सांगतलंय."

गुरुप्रसादने नारळ दगडावर आपटला, आणि कातळाच्या वाटेने यशोदा चढू लागली.